रस्त्यावरचं रबर, रस्त्यातलं रबर : साताऱ्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

कामाची हद्द आज ठरली. अपघातानंतर रस्त्यावर, कपड्यावर किंवा समोरच्या गाडीच्या पत्र्यावर राहिलेलं काळं रबर कोणत्या जातीच्या टायरचं, हे रसायनशास्त्र कितपत सांगू शकतं, एवढाच प्रश्न. खऱ्या गुन्ह्यातला मुद्देमाल इथे येणार नाही. तो सीलबंद होऊन कोल्हापूरच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो, तिकडेच जावा. इथे फक्त भंगारातले टायर, आवारात मुद्दाम उमटवलेल्या खुणा आणि सातारा-कऱ्हाड पट्ट्यातल्या रस्त्यांचे नमुने.

टायर म्हणजे नुसतं रबर नाही, हे पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं बरं. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या नक्षीच्या थरात, निम्म्याच्या आसपास रबर असतं. पाव ते तिसरा हिस्सा कार्बन ब्लॅक किंवा सिलिका. उरलेल्यात तेल, एक-दोन टक्के झिंक ऑक्साइड, साधारण तेवढंच गंधक, स्टिअरिक आम्ल, मेण, गंधकाची क्रिया वेगाने घडवणारी बेंझोथायाझोल कुळातली रसायनं आणि ओझोनपासून वाचवणारं ६पीपीडी. ट्रकच्या ट्रेडमध्ये नैसर्गिक रबराचा भरणा, मोटारीच्या ट्रेडमध्ये एसबीआर (स्टायरीन-ब्युटाडाइन रबर) आणि बीआर (ब्युटाडाइन रबर) या कृत्रिम रबरांचा. ओळख पटवायची ती या मिश्रणावरून. कोणताही एक घटक एकटा साक्षीदार म्हणून उभा राहत नाही.

९ जानेवारी

संदर्भ-टायर गोळा झाले, एकूण २६. मोटारीचे ८, दुचाकीचे ७, ट्रकचे ६ (त्यातले ४ रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवा ट्रेड चढवलेले), ट्रॅक्टर-ट्रॉलीचे ३ आणि उसाच्या टायर बैलगाडीचे २. सगळे पंक्चरवाल्यांकडचे नाहीतर भंगारातले. बैलगाडीचे दोन्ही टायर मुळात ट्रकचे, गुळगुळीत झाल्यावर गाडीला लावलेले. हंगामात कारखान्याच्या वाटेवर रात्री उभ्या असलेल्या गाड्या-ट्रॉल्यांवर आदळून होणारे अपघात पाहता हा गट वगळून चालणार नाही.

प्रत्येक टायरचे तीन ठिकाणचे तुकडे, १२० अंशांच्या अंतराने, आणि प्रत्येक ठिकाणी ट्रेडचा वरचा थर, ट्रेडचा तळ आणि साइडवॉल वेगवेगळे. हे तिन्ही एकच समजणं ही नवख्याची पहिली चूक. साइडवॉलला लवचीकपणा लागतो म्हणून तिथे नैसर्गिक रबर आणि बीआरचा मेळ असतो, ट्रेडचा मसाला वेगळा. पत्र्यावर घासलेली खूण बहुतेक वेळा साइडवॉलची आणि रस्त्यावरची ट्रेडची. साइडवॉलचा नमुना ट्रेडशी ताडला तर बरोबर टायरसुद्धा ‘जुळत नाही’ म्हणून बाद होतो.

साइडवॉलवरचा चार आकडी कोड नोंदला. ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. रिमोल्डमध्ये हा कोड सांगाड्याचा असतो, वर चढवलेल्या ट्रेडचा नाही. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला.

तुकडे ॲल्युमिनियमच्या पानात गुंडाळून काचेच्या कुपीत, अंधारात, ४ अंशांना. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. ६पीपीडी आणि तेल पिशवीत झिरपतं आणि पिशवीतला प्लास्टिसायझर नमुन्यात येतो.

१७ जानेवारी

एफटीआयआर, म्हणजे नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो ते पाहणं. नमुना स्फटिकावर दाबायचा, किरण स्फटिकातून येतो. हिऱ्याच्या स्फटिकावर काळ्या ट्रेडचा वर्णपट वाकडातिकडा आला, उतरती घसरगुंडी आणि मध्ये मोडकी शिखरं. कारण कार्बन ब्लॅक. त्याने नमुन्याचा अपवर्तनांक इतका वाढतो की २.४ अपवर्तनांकाचा हिरा पुरत नाही. जर्मेनियमचा ४.० आहे. किरण नमुन्यात जेमतेम पाऊण मायक्रॉन शिरतो, हिऱ्यावर दोन मायक्रॉनच्या आसपास. स्फटिक बदलल्यावर तळरेषा सरळ झाली.

पाहायची शिखरं थोडीच: नैसर्गिक रबराला १३७५ आणि ८३५ प्रति सेंमी, एसबीआरमधल्या स्टायरीनला ६९८ आणि ७५७, ब्युटाडाइनला ९६५ आणि ९१०. सिलिका असेल तर ११००च्या आसपास पसरट डोंगर. तो आला की बाकीचं वाचणं अवघड, कारण रस्त्यावरच्या धुळीतल्या सिलिकेटचा डोंगरही तिथेच असतो.

जर्मेनियम ठिसूळ आणि अपारदर्शक. नमुना नेमका कुठे बसला ते आतून दिसत नाही. त्यावर दगडाचा कण दाबला गेला तर स्फटिकाला ओरखडा. रस्त्यावरचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली निवडल्याशिवाय इथे ठेवायचा नाही, असा नियम केला.

एफटीआयआर चाळणीपुरतं. ट्रक की मोटार हे बऱ्यापैकी कळतं, दोन मोटारींच्या टायरमधला फरक नाही.

२३ जानेवारी

कऱ्हाडजवळच्या एका रिमोल्डवाल्याकडून बफिंगचा भुगा आणि चढवायच्या ट्रेडच्या पट्टीचे तुकडे आणले. जुनी नक्षी खरवडून सांगाडा खडबडीत करतात, त्यावर कुशन गम (पट्टी चिकटवणारा रबराचा थर) लावतात, मग आधीच शिजवलेली पट्टी चढवून पुन्हा दाब आणि उष्णता. ही झाली थंड पद्धत. गरम पद्धतीत कच्च्या रबराची पट्टी साच्यातच शिजते.

इथून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, बफिंगचा भुगा संदर्भ म्हणून निकामी. एका गोणीत पंधरा टायरांची खरवड, वर यंत्राची उष्णता. दोन, दहा चाकी ट्रकला दहा वेगवेगळ्या वंशांचे ट्रेड असू शकतात. मागच्या जोडचाकात बाहेरचा एका पट्टीचा, आतला दुसऱ्या पट्टीचा. म्हणून संशयित गाडीचा ‘एक टायर’ संदर्भासाठी घेणं म्हणजे काहीच न घेणं. सगळी चाकं घ्यावी लागतील आणि नोंद ‘डावं मागचं बाहेरचं’ अशी लागेल. तोटा वाटतो, पण उलटही आहे: जोडचाकाच्या दोन समांतर खुणांत दोन वेगळे मसाले सापडले आणि गाडीवर तीच जोडी तशाच क्रमाने असली, तर ते एका खुणेच्या जुळण्यापेक्षा खूप जड.

३० जानेवारी

पायरोलिसिस जीसी-एमएस. या प्रकल्पाचा कणा हाच. पायरोलिसिस रबर तोडतं, जीसी तुकडे सुटे करतं, एमएस त्यांची वस्तुमानं मोजून ओळखतं. गंधकाने बांधलेलं रबर कुठल्याही द्रावकात विरघळत नाही, म्हणून हवेशिवाय तापवून तोडायचं आणि तुकड्यांवरून मूळ ओळखायचं.

मांडणी: नमुना ५० ते १०० मायक्रोग्रॅम, ६०० अंश, जोडनळी ३०० अंश, ३० मीटर बाय ०.२५ मिमीचा पाच टक्के फिनाइलचा कॉलम. भट्टी ४० अंशांवर २ मिनिटं, मग मिनिटाला १० अंशांनी ३०० पर्यंत.

खुणेची संयुगं: नैसर्गिक रबराला आयसोप्रीन आणि त्याचं जोडरूप डायपेंटीन (एम/झेड, म्हणजे तुकड्याचं वस्तुमान भागिले विद्युतभार: ६८, ९३, १३६). बीआरला ४-व्हिनाइलसायक्लोहेक्सीन (५४, ७९, १०८). एसबीआरला स्टायरीन (७८, १०४) आणि स्टायरीन-ब्युटाडाइनच्या जोडीचं ४-फिनाइलसायक्लोहेक्सीन (१०४, १५८). गंधकाच्या मसाल्याचं बेंझोथायाझोल (१०८, १३५).

तापमानाची चालढकल चालणार नाही. तापमान वाढवलं की डायपेंटीन फुटून आयसोप्रीन वाढतं, गुणोत्तर बदलतं आणि कालचा टायर आज परका वाटतो. नमुन्याचं वजनही तसंच. अर्धा मिलिग्रॅम घातला तर कपातच दुय्यम क्रिया होतात. मायक्रो-तराजूवर वजन न करता ‘चिमटीभर’ घेतलेले पहिले सहा धावपट (एका धावेतून निघणारे शिखरांचे आलेख) रद्द केले.

रिकाम्या कपाच्या धावेत डायपेंटीन दिसलं. कॉलम बदलायची तयारी झाली होती. दोष निघाला भांडी घासायच्या लिंबूवासाच्या साबणात. डायपेंटीन म्हणजे लिमोनीनच, कॉलमला दोन्ही सारखे. कुप्यांच्या झाकणातल्या रबरी चकत्यांत वास मुरला होता, त्यात चकती स्वतः रबराची. आता बिनवासाचं डिटर्जंट, टेफ्लॉन लावलेल्या चकत्या, कप ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून, आणि दर चौथी धाव रिकामी. तसंच लॅटेक्सचे हातमोजे बंद: ते नैसर्गिक रबरच. नायट्राइल वापरायचे, पण त्यातही ब्युटाडाइन आहे. मोजा कुठलाही असो, नमुना चिमट्यानेच.

५ फेब्रुवारी

घासणीची चौकट. ट्रेडचा ४० बाय ४० मिमीचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर, वर २५ किलो वजन, दोन मीटर ओढायचा. काँक्रीटच्या फरशीवर स्वच्छ काळी रेघ. डांबराच्या फरशीवर सकाळी काहीच नाही. दुपारी उन्हात फरशी तापल्यावर रेघ उमटली, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती बहुतांश डांबरच निघाली.

चौकट खोटं बोलत नाही, फक्त तिची मर्यादा आहे. खऱ्या ब्रेकमध्ये चाक अडलं की संपर्काच्या जागी काही क्षणांत प्रचंड उष्णता होते. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू, म्हणजे मऊ पडण्याचं तापमान, किमान ४७ अंश. डांबर पाघळतं, खडीवर ओढलं जातं आणि ‘टायरचा काळा पट्टा’ म्हणून पंचनाम्यात नोंद होते ती पुष्कळदा पाघळलेल्या डांबराचीच. काँक्रीटवर पट्टा म्हणजे जवळजवळ सगळं रबर. डांबरी रस्त्यावरच्या पट्ट्याच्या मधोमध खरवडलं तर प्रयोगशाळेकडे डांबर जाईल.

चौकट बाजूला ठेवून आवारातल्या मोकळ्या डांबरी पट्टीवर दुचाकीचं मागचं चाक ताशी ३० किमीला अडवून खुणा घेतल्या. रबराचे कण सापडले ते पट्ट्याच्या शेवटच्या हातभर अंतरात, खडीच्या खोबणीत आणि पट्ट्याच्या कडेला. आकार विलक्षण सारखा: दोन्ही टोकांना निमुळत्या वळ्या, अंग चोळताना मळाच्या निघतात तशा, लांबी दहा-वीस मायक्रॉनपासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, आणि अंगावर दगडी पिठाचा थर. एकदा ओळख झाली की सुईच्या टोकाने उचलता येतात. यापुढे नमुना म्हणजे खरवड नव्हे, मोजून उचललेल्या ३० वळ्या.

एबीएस (ब्रेक लावताना चाक अडू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांचा पट्टा अखंड नसतो. फिकट, तुटक, कधी दिसतही नाही. तिथे तिरप्या प्रकाशात, टॉर्च जमिनीला टेकवून शोधावं लागतं.

१२ फेब्रुवारी

महामार्गाच्या सेवा रस्त्यावरचे नमुने, वाढे फाट्याच्या बाजूचे. कुठलीही ब्रेकची खूण नसलेल्या जागेवरून, निव्वळ पार्श्वभूमी म्हणून घेतलेले. अपेक्षा होती की डांबराचे अल्केन दिसतील आणि बाकी सपाट. आलं ते डायपेंटीन, बेंझोथायाझोल, स्टायरीन, व्हिनाइलसायक्लोहेक्सीन, सगळंच. म्हणजे खूण नसलेल्या रस्त्याने टायरची साक्ष दिली.

तीन कारणं, आणि तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पहिलं, रोजच्या वाहतुकीची झीज खोबणीत साचलेली असते. दुसरं, डांबरातच एसबीएस (स्टायरीन आणि ब्युटाडाइनचं पॉलिमर) मिसळलेलं असू शकतं. त्यातून स्टायरीन आणि व्हिनाइलसायक्लोहेक्सीन सुटतात. तिसरं कारण सर्वांत चकवणारं: सीआरएमबी, म्हणजे जुन्या टायरचा चुरा घालून केलेलं डांबर. चुरा बहुधा ट्रकच्या टायरचा, म्हणून नैसर्गिक रबर भरपूर. अशा रस्त्यावर कुठूनही चिमूटभर उचला, ट्रक जाऊन आल्यासारखंच उत्तर येणार.

जानेवारीत संदर्भ-टायरांवरून काढलेल्या गुणोत्तरांच्या तक्त्याचा अर्थ यामुळे बदलतो. तो तक्ता स्वच्छ टायरसाठी बरोबर, रस्त्यासाठी अपुरा. आता प्रत्येक खुणेबरोबर तीन पार्श्वभूमी नमुने: खुणेच्या सुरुवातीच्या एक मीटर अलीकडे त्याच चाकोरीतून, खुणेपासून एक मीटर बाजूला, आणि रस्त्याच्या कडेच्या न झिजलेल्या डांबरातून. तिसरा नमुना सांगतो डांबरात मुळात काय घातलंय. जमल्यास रस्त्याच्या कामाच्या अंदाजपत्रकातून डांबराची प्रत पाहून घ्यायची. कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरं असेल, तर रस्त्याचं खरं धरायचं.

एसबीएस आणि एसबीआर वेगळे काढायला ४-फिनाइलसायक्लोहेक्सीन उपयोगी. एसबीआरमध्ये स्टायरीन आणि ब्युटाडाइन साखळीभर विखुरलेले असतात, म्हणून जोडीचा तुकडा भरपूर मिळतो. एसबीएसमध्ये दोघांचे स्वतंत्र गट, सांधे मोजकेच, म्हणून स्टायरीन उंच आणि जोडीचा तुकडा ठेंगणा. सीआरएमबीच्या चुऱ्याला मात्र रसायनाने वेगळं काढणं कठीण, कारण तोही खराच टायर आहे. तिथे सूक्ष्मदर्शक कामी येतो: चुरा खडबडीत, कोपरे असलेला, डांबरात फुगलेला. झिजेच्या कणाची वळी आणि दगडी थर त्याला नाही.

रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यावरून नमुना नको. रंगातली राळ आणि कॅल्शियम कार्बोनेट दोन्ही गोंधळ घालतात. काचेचे मणी दिसले की नमुना बाद.

१४ फेब्रुवारी

पॅकिंगच्या चिकटपट्टीने उचललेले सगळे नमुने रद्द. अशा कित्येक पट्ट्यांचा गोंद नैसर्गिक रबराचा किंवा एसआयएसचा (स्टायरीन-आयसोप्रीनच्या पॉलिमरचा) असतो. कोऱ्या पट्टीच्या धावेत डायपेंटीनचं शिखर ट्रकच्या ट्रेडइतकं उंच. यापुढे काळं जिलेटिन लिफ्टर, म्हणजे कण उचलून घेणारा जिलेटिनचा मऊ चिकट तुकडा. जिलेटिनचे तुकडे पायरॉल जातीचे, ओळखून बाजूला काढता येतात.

२० फेब्रुवारी

डांबर धुण्याचा प्रश्न. टोल्युइनमध्ये डांबर विरघळतं, रबर फुगतं पण विरघळत नाही, हे सोपं. अडचण अशी की टोल्युइन रबरातलं ६पीपीडी, तेल आणि मोकळं बेंझोथायाझोलही काढून नेतं. आधी धुतलं तर पुढच्या अर्ध्या खुणा गेल्या, न धुतलं तर डांबर सगळं झाकतं.

दोन वाटण्या करून तोडगा निघाला. ३० वळ्यांपैकी १० न धुता, ॲसिटोनच्या ५० मायक्रोलिटरमध्ये ३० मिनिटं, ते द्रावण थेट जीसी-एमएसला. ॲसिटोनमध्ये डांबराचा जड भाग फारसा उतरत नाही. उरलेल्या २० वळ्या टोल्युइनच्या थेंबात, दोन मिनिटं, तीनदा, द्रावण रंगहीन होईपर्यंत. मग वाळवून पायरोलिसिस. धुतल्यानंतर वळीचा दगडी थर सुटतो, म्हणून फोटो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम त्याआधीच.

डांबर किती उरलं हे होपेन या खनिज तेलातल्या संयुगावरून, एम/झेड १९१. तो धावपटावर दिसत असेल तर रबराच्या गुणोत्तरावर भरवसा नको. इंजिन ऑइलमध्येही होपेन असतात. म्हणून बसथांब्याजवळचे आणि सिग्नलवरचे नमुने नेहमीच डागाळलेले.

घाई केली की काय होतं याचं एक उदाहरण याच आठवड्यात: टोल्युइनने फुगलेल्या वळ्या पूर्ण वाळायच्या आत कपात गेल्या. टोल्युइनचं शिखर छताला लागलं आणि शेजारचं व्हिनाइलसायक्लोहेक्सीन त्याच्या शेपटीत गडप. आता ६० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर.

२७ फेब्रुवारी

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि ईडीएस (कणातली मूलद्रव्यं क्ष-किरणांच्या शिखरांवरून ओळखणारी जोड), बाहेरच्या उपकरण केंद्रात. तासाचे पैसे मोजायचे असल्याने आधीच लिहून नेलेले नियम:

नमुन्यावर सोन्याचा नव्हे, कार्बनचा थर. सोन्याचं शिखर २.१ केईव्हीला (हे क्ष-किरणाच्या ऊर्जेचं एकक), गंधकाचं २.३ला, दोघं खेटून. जस्त शोधताना १.०१ केईव्हीचं शिखर सोडून द्यायचं, कारण तिथेच सोडियम बसतो (१.०४). जस्त ८.६ केईव्हीच्या शिखरावरच मोजायचं आणि त्यासाठी व्होल्टेज २० किलोव्होल्ट.

जस्त आणि गंधक एकाच कणात, भोवती कार्बन, हा टायरच्या बाजूचा पुरावा. नुसतं जस्त नाही. महामार्गाच्या कडेचे लोखंडी अडथळे जस्ताचा मुलामा दिलेले असतात, गाडी घासली की जस्ताचे पापुद्रे खूणभर सांडतात. त्यांत गंधक नसतं. ब्रेकची धूळ बेरियम, अँटिमनी, तांबं, लोखंड यांवरून ओळखू येते.

वळीच्या अंगावरच्या थरात मात्र आपल्या भागाचा ठसा आहे. खडी बसाल्टची, म्हणून लोखंड आणि टायटेनियम ठळक. यवतेश्वर घाट चढून कासच्या बाजूला गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड वाढलं आणि कॅल्शियम जवळजवळ गायब: जांभ्याची धूळ. टायर कुठल्या रस्त्यावरून आला याचा धागा म्हणून हे रंजक, पण इतक्या थोड्या नमुन्यांवर त्याच्या नादी लागायचं नाही.

घनता-विलगीकरणाला, म्हणजे जड द्रावणात वळ्या तरंगवून दगडी पीठ तळाला बसवायला, झिंक क्लोराइड वापरायची सूचना होती. स्वस्त आणि १.७च्या वर सहज जाणारं, पण जे शोधायचं तेच जस्त नमुन्यात ओतण्यासारखं. सोडियम आयोडाइडचं १.८ घनतेचं द्रावण घेतलं. दगडी थर असलेल्या वळ्या साधारण १.३ ते १.८, बसाल्टचं पीठ २.९ म्हणून तळाला. आयोडाइडचं द्रावण अंधारात ठेवायचं, नाहीतर पिवळं पडतं. महाग आहे, म्हणून गाळून परत वापर.

६ मार्च

कपडे. सुती आणि पॉलिएस्टर-मिश्र कापडाच्या पट्ट्यांवर टायर दाबून-सरकवून खुणा केल्या. नक्षीचा ठसा दिसला तरी रबर फार थोडं उतरतं, बहुतेक काळेपणा रस्त्याच्या धुळीचा. रबर अडकतं ते धाग्यांच्या छेदांवर. कापड झटकू नये, घडी घालताना मध्ये कोरा कागद, आणि ओलं असेल तर सावलीत वाळवूनच पाकीट बंद.

इथला खरा घोळ पायातला. आपल्याकडे टायर कापून केलेल्या तळव्याची पायताणं अजून विकली जातात आणि शेतात सर्रास वापरली जातात. पडताना, फरफटताना त्याच तळव्याचं रबर पॅन्टच्या पायावर घासलं जातं. ते खरंखुरं ट्रक टायरचं रबर: नैसर्गिक रबर, कार्बन ब्लॅक, झिंक, बेंझोथायाझोल, सगळं जुळणारं. बाजारातून आणलेल्या अशा एका जोडाच्या तळव्याचा धावपट आमच्या बैलगाडीच्या टायरशेजारी ठेवला तेव्हा गुणोत्तरांवरून दोघांत फरक करता आला नाही. म्हणून जखमीच्या पायताणाचा नमुना प्रत्येक वेळी घ्यायचा आणि कपड्यावरचा डाग गुडघ्याच्या वर आहे की खाली, आत की बाहेर, हे चित्र काढून नोंदवायचं. स्लिपर असेल तर प्रश्न सोपा: भरीला बहुधा कॅल्शियम कार्बोनेट, एफटीआयआरवर १४२० आणि ८७५.

१५ मार्च

काल धुळवड. शहरातल्या रस्त्यांचा नमुना आठवडाभर नाही. रंगातला टाल्क आणि स्टार्च दोन्ही नमुन्यात येतात. रंगपंचमीपर्यंत थांबणं आलं.

२१ मार्च

६पीपीडी आणि वय. ॲसिटोनच्या वाटणीत ६पीपीडी एम/झेड २६८ आणि २११ वर दिसतं. ते रबराच्या पृष्ठभागाकडे सरकत राहतं, ओझोनशी झगडून संपतं आणि त्यातलं काही ६पीपीडी-क्विनोन होतं. त्यामुळे टायरच्या आतल्या थरातलं प्रमाण, पृष्ठभागावरचं प्रमाण आणि रस्त्यावरच्या वळीतलं प्रमाण हे तीन वेगळे आकडे. संदर्भासाठी टायर खोल कापला तर तुलना बिघडते. पृष्ठभागाचा पातळ काप हवा, फार तर अर्धा मिमी.

फेब्रुवारीत उमटवलेल्या खुणांच्या वळ्यांत तेव्हा ६पीपीडी स्पष्ट होतं, आज त्याच पट्टीवरच्या वळ्यांत ते अगदी फिकट. पायरोलिसिसचे पॉलिमर-तुकडे मात्र जसेच्या तसे. म्हणजे ६पीपीडीचा उपयोग ‘आहे’ म्हणायला. ‘नाही’ यावरून टायर वगळता येत नाही.

उन्हाचा दुसरा फटका साधनांना. दुपारी दोनला जिलेटिन लिफ्टर रस्त्यावर ठेवलं आणि ते पाघळून खडीत बसलं. जिलेटिन ४० अंशांच्या आतच मऊ होतं आणि उन्हात डांबर त्याच्या कितीतरी वर असतं. नमुना पहाटे, किंवा जागा ताडपत्रीने झाकून, लिफ्टर थंड पेटीत. बर्फाची पिशवी थेट रस्त्यावर नको, तिच्यावरच्या दवाने जिलेटिन विरघळतं.

२ एप्रिल

आंधळी चाचणी. खुणा एका गटाने केल्या, विश्लेषण दुसऱ्याने, संदर्भ-संचातून जोडी लावायची. सहा नमुने.

चार बरोबर गटात गेले. एक ‘ठरवता येत नाही’: वळ्या फक्त पाच मिळाल्या होत्या, दोन वाटण्या करण्याइतका मालच नव्हता. हे उत्तर बरोबरच धरलं. सहावा चुकला. मोटारीच्या टायरची खूण ट्रकची ठरली. मागे जाऊन पाहिलं तर खूण ज्या तुकड्यावर घेतली त्याचं डांबर चुरा मिसळलेलं होतं आणि विश्लेषकाने पार्श्वभूमीचे तीनऐवजी दोनच नमुने धावले होते. वगळलेला नमुना कडेच्या न झिजलेल्या डांबराचा. तो नंतर धावला, त्यात नैसर्गिक रबर भरपूर. ३० वळ्यांतल्या ११ वळ्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कोपरे असलेला चुरा निघाला.

उपाय: वळी निवडल्यावर प्रत्येकीचा फोटो, आणि निवड दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय कप भरायचा नाही. तीन पार्श्वभूमी नमुन्यांची धाव झाल्याशिवाय खुणेची धाव लावायची नाही. क्रमच तसा ठेवला की वगळण्याचा मोह होत नाही.

११ एप्रिल

अहवालातली भाषा आणि नमुना घेणाऱ्याची सूचना-पत्रिका.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३)मध्ये घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जाण्याची तरतूद आहे ती सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), याला कमाल पाच वर्षं. म्हणजे नेहमीच्या अपघातात रस्त्यावर वाकून नमुना घेणारा माणूस तज्ज्ञ नसतो. तो तपासी अंमलदार असतो, मागे वाहतूक तुंबलेली, हातात टॉर्च. पत्रिका त्याच्यासाठी लिहायची, एका पानाची. मसुद्यातून ‘पायरोलिसिस’ हा शब्दच काढला. राहिलं ते असं: आधी फोटो, मोजपट्टीसह, उभा आणि तिरपा. पट्ट्याचा शेवट शोधा. तिथून तीन लिफ्टर, प्रत्येकावर ३० सेकंद दाब. मग पार्श्वभूमीचे तीन. चिकटपट्टी वापरू नका. जखमीचं पायताण घ्या. गाडीची सगळी चाकं, जागेसह. प्रत्येक पाकिटावर वेगळं सील, पंचनाम्यात तेच क्रमांक.

अहवालात ‘याच टायरची खूण’ असं वाक्य येणार नाही. एकाच मसाल्याच्या घाण्यातून असंख्य टायर निघतात. लिहायचं ते असं: ‘खुणेतील कणांचा रासायनिक वर्ग अमुक चाकाच्या ट्रेडशी जुळतो. रस्त्याच्या डांबरातून किंवा पायताणातून हे कण आल्याची शक्यता तपासली असून ती अमुक कारणाने कमी वाटते.’ दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर पहिलंही लिहू नये. न जुळणं मात्र ठामपणे लिहिता येतं, अट एवढीच की गाडीचं प्रत्येक चाक आणि त्याचे ट्रेड-साइडवॉल दोन्ही तपासलेले असावेत.

२४ एप्रिल

काल संध्याकाळी वळवाची सर. आवारातल्या पट्टीवरच्या खुणांचा काळेपणा वरून धुऊन गेला, पण खोबणीतल्या वळ्या बऱ्याच टिकल्यात. दगडी थर मात्र पुसट. सहा लिफ्टर घेतली, तीन खुणेची, तीन पार्श्वभूमीची. पट्टीच्या उताराला साचलेलं गढूळ पाणी अर्धा लिटर काचेच्या बाटलीत, ६पीपीडी-क्विनोनसाठी. सगळं ४ अंशांवर. धावा सोमवारी, आधी पार्श्वभूमी.